इंडी गाणी शोधायची कशी, सुचवायची कुणाला, ऐकायची कधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी ओळखीच्या माणसांना पाच गाणी पाठवते. प्रत्येक गाण्याखाली दोन ओळी असतात: कुणाचं आहे आणि कधी ऐकावं. सुरुवातीला ही यादी सहा जणांना जायची, पाच मैत्रिणी आणि एक मावसभाऊ. आता ती या फोनवरून त्या फोनवर कुठवर जाते ते मला माहीत नाही, पण प्रश्न माझ्याकडे परत येतात, आणि बहुतेक तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

‘इंडी’ म्हणजे नेमकं काय?

‘इंडिपेंडंट’चं लाडकं रूप. आपल्याकडे अनेकांना ते ‘इंडियन’चं वाटतं, तसं नाही. कुठल्या मोठ्या कंपनीनं सांगितलं म्हणून किंवा सिनेमात प्रसंग आहे म्हणून केलेलं हे गाणं नसतं. करणाऱ्यानं ते स्वतःच्या मनानं आणि बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून केलेलं असतं.

शब्द रुळला इंग्लंडमध्ये. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टर भागातल्या बझकॉक्स नावाच्या बँडनं घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि चार गाण्यांची एक छोटी तबकडी स्वतःच काढली. पहिल्या प्रती हजार. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिचं वेष्टन. कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं आणि त्यावर नंतर काही भर घातली का, हे त्यांनी त्यावर छापलं होतं. वाचणाऱ्या पोराला कळावं की हे असं होतं, तूही करू शकतोस. पुढच्या तीनच वर्षांत तिथे इतक्या लोकांनी हे केलं की १९८० पासून अशा तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी लागायला लागली.

भारतात गाणं म्हणजे सिनेमातलं गाणं असं समीकरण पक्कं असल्यामुळे इथे इंडीचा अर्थ जवळजवळ ‘सिनेमाबाहेरचं’ असाच होऊन बसला आहे. मराठी माणसाला मात्र हे नवं वाटायचं कारण नाही. आपलं भावगीत तबकड्यांवर आणि आकाशवाणीवर वाढलं, त्याला पडद्याची गरज पडली नाही.

म्हणजे गिटार घेऊन इंग्रजीत गाणारी शहरातली मुलं, असंच ना?

हा समज मला खरंच खटकतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या परिसरात किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात दीक्षाभूमीजवळ जे कधी गेले असतील त्यांनी पाहिलं असेल: पुस्तकांच्या दुकानांना लागूनच भीमगीतांच्या कॅसेटची, पुढे सीडीची दुकानं. लिहिणारे आपले, गाणारे आपले, विकणारे आणि घेणारेही आपलेच. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगावच्या गायन पार्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली, त्यासाठी कुठल्या बड्या कंपनीची वाट पाहिली नाही. आज छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि मोबाइलवर काढलेला तो व्हिडिओ लाखो लोक ऐकतात. याहून ‘इंडी’ काय असतं?

गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये शिवोलीच्या आपल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून अल्बम केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेट नेऊन दिल्या. खानदेशात अहिराणी गाणी तिथलीच मुलं लिहितात, शेतात नाहीतर नदीकाठी चित्रित करतात आणि यूट्यूबवर टाकतात. ती जळगाव-धुळ्याच्या लग्नांत आधी वाजतात, पुण्या-मुंबईला मागाहून कळतात. गिटारवाली मुलंही यात आहेतच, मला ती फार प्रिय आहेत. पण ती एका मोठ्या वाड्यातल्या एका खोलीत राहतात.

सुरुवात कुठून करू? एकदम पन्नास नावं सांगू नका.

चारच बँड सांगते.

पुण्याचा ईझी वॉन्डरलिंग्ज. रविवारी सकाळी, दुसरा चहा होताना. दारं-खिडक्या उघड्या ठेवून ऐकावा असा मोकळा, उन्हाळलेला आवाज आहे.

दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी. यात जुन्या हिंदी गाण्यांची सावली आहे, लग्नातल्या बँडची पितळी वाद्यं आहेत, वॉल्ट्झ या पाश्चात्त्य नृत्याची गिरकी आहे आणि सूर्यकांत साहनी यांचा जरा थकलेला, सावकाश आवाज आहे. मांडव उतरवला जात असताना शेवटची चार माणसं खुर्च्यांवर बसून असतात, त्या वेळेचं हे संगीत. २०१९ चा ‘बिस्मिल्ला’ हा अल्बम आधी घ्या.

शिलाँगचा सोलमेट. २००३ पासूनचा ब्लूज बँड. टिप्रिटी खारबंगार यांचा आवाज पहिल्यांदा ऐकाल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा.

आणि इंडियन ओशन, ज्यांना तो अजून माहीत नाही त्यांच्यासाठी. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा बँड आज अनेकांना ‘जुना’ वाटतो, पण पुढच्या कितीतरी जणांनी आपल्या भाषेत, आपल्या तालात रॉक वाजवायची हिंमत त्यांच्याकडे पाहून केली.

अ‍ॅप आपोआप गाणी सुचवतंच की. मग आपण शोधायचं कशाला?

अ‍ॅपचं काम वाईट नाही, ते कसं चालतं तेवढं समजून घ्या. तुम्ही जी गाणी ऐकता ती ऐकणारे आणखी हजारो लोक असतात. त्यांनी ऐकलेलं आणि तुम्ही न ऐकलेलं जे असतं, ते तुमच्यासमोर ठेवलं जातं. म्हणजे मुळात कुणीतरी ऐकलेलं असावं लागतं. ज्या मुलीनं काल रात्री तीन गाणी चढवली आणि ज्यांना एकूण चाळीस लोकांनी हात लावला, तिच्यापर्यंत ही वाट फार उशिरा जाते, कित्येकदा जातच नाही.

दुसरं असं की स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय गाणं ‘ऐकलं’ असं मोजलं जात नाही. त्यामुळे बरीच गाणी आता दारातूनच ओरडत येतात. सावकाश उलगडणाऱ्या गाण्याला या व्यवस्थेत तोटाच आहे, आणि मला स्वतःला आयुष्यभर पुरलेली बहुतेक गाणी सावकाश उलगडणारीच निघाली.

शोधायचं म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय?

माझी सगळ्यात भरवशाची सवय सांगते: श्रेयनामावली वाचा. एखादं गाणं मनात बसलं की ते गायलं कुणी हे आपण पाहतो. मिक्सिंग कुणी केलं, ड्रम कुणी वाजवले, व्हायोलिनसाठी कुणाला बोलावलं, मुखपृष्ठ कुणी काढलं, तेही पाहा. ही माणसं एकमेकांच्या अल्बमवर सतत ये-जा करत असतात. एका ड्रमरचं नाव धरून मी एकदा संध्याकाळी बसले आणि रात्रीपर्यंत तीन शहरांतले पाच बँड हाती लागले. त्यांतला एकही मला कुठल्या अ‍ॅपनं दाखवला नव्हता.

बँडकॅम्प या संगीताच्या संकेतस्थळावर शहराच्या नावानं शोधता येतं. ‘पुणे’, ‘कोलकाता’, ‘आयझॉल’ असं टाकून सर्वात नवीन आलेलं आधी दाखवायला सांगा. पुष्कळ कच्चं ऐकायला मिळेल. कच्च्याची भीती बाळगू नका.

कार्यक्रमाला गेलात तर वेळेवर जा. मुख्य बँडच्या आधी जे वाजवतात त्यांच्यासाठी जा. तेव्हा निम्मा हॉल रिकामा असतो, लोक अजून खायच्या काउंटरपाशी असतात आणि मंचावर कुणीतरी जीव ओतत असतं. वाजवून झाल्यावर ती मुलं स्वतःच तारा गुंडाळत असतात. तेव्हा जाऊन विचारायचं, “तुम्ही सध्या काय ऐकताय?” हा प्रश्न कुणाला विचारला आणि त्याचा चेहरा खुलला नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही. मिळालेली नावं तिथेच फोनमध्ये टिपून ठेवा, घरी येईपर्यंत राहत नाहीत.

सिएटलचं केईएक्सपी हे रेडिओ केंद्र आणि अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओची ‘टायनी डेस्क’ ही मालिका, दोन्ही यूट्यूबवर फुकट पाहता येतात. दुसरीत कलाकार एका ऑफिसातल्या टेबलामागे, पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहून वाजवतो. मोठ्या मंचाचा झगमगाट नसताना कोण टिकतं ते तिथे कळतं.

एकदा ऐकलं, आवडलं नाही. सोडून देऊ का?

तीनदा ऐका, तीन वेगळ्या वेळी. एकदा काम करताना, एकदा चालताना, एकदा दिवा मालवून. मग खुशाल सोडा.

शब्दच कळत नाहीत, तर गाणं मनाला भिडणार कसं?

इंडियन ओशनच्या ‘कंदीसा’ या अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून पडलं, ते केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवर आधारलेलं आहे, भाषा अरामाइक. ती समजणारे आपल्यात कितीसे असतील? तरी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते लागलं की सगळं सभागृह एका स्वरात गायचं.

आइसलँडच्या सिगुर रोस या बँडनं तर २००२ साली असा अल्बम काढला की त्याला नाव नाही, आतल्या आठही गाण्यांना नावं नाहीत, आणि गायलंय ते कुठल्याच भाषेत नाही. नुसते स्वर आणि अक्षरं. सोबतची पुस्तिका जवळजवळ कोरी ठेवली होती, ऐकणाऱ्यानं आपल्याला जे ऐकू येईल ते त्यात लिहावं म्हणून. मी तो अल्बम पहिल्यांदा पूर्ण ऐकला तो साताऱ्याहून पुण्याला येताना, एसटीत, खिडकीपाशी. खंबाटकीला धुकं होतं. शेजारच्या आजी झोपल्या होत्या आणि त्यांचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर कलत होतं. मी जराही हलले नाही. कोऱ्या पानावर मी काही लिहायचं असतं तर त्या आजींबद्दल लिहिलं असतं.

ज्यांनी एक तास तराणा किंवा आलाप ऐकला आहे, त्यांना शब्दांशिवायचं गाणं परकं वाटायला नको.

गाण्याचा मूड नेमका कशातून तयार होतो?

चाल आणि शब्द तर आहेतच. पण घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यांत आणखी काही गोष्टी काम करतात, त्या ऐकायला शिकलात तर मजा दुप्पट होते.

पहिली गोष्ट अंतर. गाणारा माइकच्या किती जवळ आहे? अगदी जवळ असला तर शब्दाआधी ओठ उघडल्याचा बारीक आवाज येतो, श्वास येतो, आणि कुणीतरी उशीवर डोकं ठेवून आपल्याशीच बोलतंय असं वाटतं. निक ड्रेक या इंग्लिश गायकाचा १९७२ चा ‘पिंक मून’ हा अल्बम ऐकून पाहा. रात्रीच्या दोन बैठकांत रेकॉर्ड झालेला, सगळा मिळून अठ्ठावीस मिनिटांचा. आवाज आणि गिटार. एका गाण्यात तेवढे पियानोचे चार सूर. डाव्या हाताची बोटं एका पट्टीवरून दुसरीकडे सरकताना जाड तारेवर जो ‘खर्र’ असा आवाज होतो, तोही ऐकू येतो. मोठ्या निर्मितीत हे आवाज पुसून टाकण्याकडे कल असतो. इथे ते आहेत म्हणून माणूस खोलीत आहे असं वाटतं. ड्रेकच्या हयातीत हा अल्बम फारसा कुणी घेतला नाही, १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी तो गेला, आणि पंचवीस वर्षांनी एका मोटारीच्या जाहिरातीत ते शीर्षकगीत वाजल्यावर लोक दुकानांत त्याचं नाव विचारू लागले. हे मला दर वेळी चटका लावतं.

दुसरी गोष्ट जागा. आवाजामागे किती घुमारा आहे? रिकाम्या देवळात टाळी वाजवल्यावर ती परत येते, तसा घुमारा असेल तर गाणारा लांब, एकटा, आठवणीतला वाटतो. घुमारा अजिबात नसेल तर तो आत्ता, इथे आहे. बोन इव्हेर या नावानं गाणाऱ्या जस्टिन व्हर्नननं २००६-०७ चा हिवाळा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या जंगलातल्या झोपडीत काढला आणि स्वतःच्याच उंच आवाजाचे एकावर एक थर देत पहिला अल्बम केला. एकच माणूस, पण ऐकताना समूह वाटतो. एकटेपणा आणि गर्दी एकाच वेळी कानावर येते, आणि त्या अल्बमची जादू माझ्या मते तिथेच आहे.

तिसरी, घरातले आवाज. माझ्या संग्रहात एका मुलीचं गाणं आहे, तिचं नाव सांगत नाही, कारण तिनं ते फक्त ओळखीच्यांना पाठवलं होतं. दुसऱ्या कडव्यात मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होते. ती जरा थांबते, हसू दाबते आणि पुढचा शब्द घेते. त्या अर्ध्या सेकंदासाठी मी ते गाणं ठेवलं आहे.

शूगेझ, लो-फाय, पोस्ट-रॉक… ही नावं पाठ करायला हवीत का?

मुळीच नाही. तोंडओळख पुरे.

शूगेझ म्हणजे गिटारच्या आवाजाची दाट भिंत आणि तिच्यात बुडालेलं गाणं. वाजवणारे पायाशी ठेवलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांकडे बघत उभे राहायचे, म्हणून ब्रिटिश पत्रकारांनी ‘बुटांकडे बघणारे’ असं नाव ठेवलं. लो-फाय म्हणजे रेकॉर्डिंगमधला खरखरीतपणा तसाच राहू दिलेला. पोस्ट-रॉकमध्ये रॉकचीच वाद्यं असतात पण गाणं बहुधा नसतं. एक स्वरसमूह सावकाश वाढत जातो आणि सात-आठ मिनिटांनी कोसळतो. आपल्याकडे ‘अ‍ॅज वी कीप सर्चिंग’ हा बँड हे फार तन्मयतेनं करतो. विलंबितातून द्रुताकडे जाणाऱ्या ख्यालाची सवय असलेल्या कानाला पोस्ट-रॉक लगेच आपलंसं वाटतं, हे मी घरात पडताळून पाहिलं आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या यादीत उदास गाणीच जास्त का असतात?

ती उदास आहेत असं मला वाटत नाही. ती हळू आहेत. दिवसभर जे आवाज आपल्यावर आदळतात, त्यांत हळू बोलणारं कुणी नसतं. मार्च महिन्याच्या यादीत मी मुद्दाम कोचीचा ‘व्हेन चाय मेट टोस्ट’ हा बँड घातला होता, बँजोवर उड्या मारणारा, भर दुपारी घर आवरताना ऐकायचा. त्यावर सगळ्यात जास्त उत्तरं आली, हेही मान्य करते.

गाणं कुणाला सुचवताना काय लिहावं?

या प्रश्नासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

गाण्याचा प्रकार सांगू नका, वेळ सांगा. “हा इंडी-फोक आहे, थोडा अमुक बँडसारखा” हे वाचून समोरच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. “रात्री भांडी घासून झाल्यावर, ओट्यावरचा दिवा तेवढा ठेवून ऐक” हे वाचून त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा स्वतःचा ओटा येतो. गाणं सुरू व्हायच्या आधीच तो अर्धा तिथे पोचलेला असतो.

ही काही माझी अक्कल नाही. आपल्या संगीतात रागाला वेळ दिलेली आहे. भैरव सकाळचा, मारवा सूर्य बुडतानाचा, यमन दिवेलागणीनंतरचा. ते शास्त्र आहे की संकेत यावर जाणकार बोलतील. मला एवढं कळतं की ज्यानं मारवा एकदा खरोखर संधिप्रकाशात ऐकला, त्याला तो दुपारी ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मग नव्या गाण्यांनाही आपण प्रहर का देऊ नये? मी देते. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग यांना मी सकाळी दहाचं ऊन दिलं आहे, पडद्यातून गाळून आलेलं. सूर्यकांत साहनी एकट्यानं ‘लिफाफा’ या नावानं जे इलेक्ट्रॉनिक संगीत करतात, त्याला मध्यरात्रीनंतरचा रिकामा कर्वे रस्ता. गायक प्रतीक कुहाडला रविवारची संध्याकाळ, उद्या सोमवार आहे हे आठवण्याच्या जरा आधीची.

एका वेळी एकच गाणं पाठवा. मावसभावाला मी एकदा चाळीस गाण्यांची यादी पाठवली होती, आठवडाभर खपून केलेली. त्यानं एकही ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात एकच पाठवलं, “ऑफिसातून निघालास की पार्किंगमध्ये गाडी सुरू करायच्या आधी ऐक,” असं लिहून. त्या रात्री साडेआठला त्याचा फोन आला, तो अजून पार्किंगमध्येच बसला होता.

गाणं हळू उलगडणारं असेल तर तेही सांगा: “पहिली दोन मिनिटं धीर धर, मग ड्रम येतात.” एवढ्यानं कितीतरी गाणी वाचतात. आणि कौतुकाचा पूल बांधू नका. “हे ऐकून तू रडशीलच” असं लिहिलं की माणूस रडू येतंय का ते तपासत बसतो.

पाठवलेलं गाणं समोरच्यानं ऐकलंच नाही तर?

विचारू नका. “ऐकलंस का?” हा प्रश्न दोनदा आला की त्या गाण्याचा गृहपाठ होतो.

दुःखात असलेल्या माणसाला गाणं पाठवावं का?

माझ्या एका मैत्रिणीची आई गेली. चौथ्या दिवशी मी तिला एक गाणं पाठवलं, बाईच्या आवाजातलं, अगदी मऊ. मला वाटलं, आधार वाटेल. तिचं काही उत्तर आलं नाही, आणि ते साहजिकच होतं. आठ महिन्यांनी एकदा आम्ही तिच्या गॅलरीत बसलो होतो तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, “त्या दिवशी घरात माणसं बसली होती. मला वाटलं तू आवाज पाठवलायस, म्हणून मी लावलं. एक ओळ झाली आणि बंद केलं. अंगाईसारखं होतं गं ते.”

तेव्हापासून मी आधी विचारते: “काहीतरी पाठवू? आज नको असेल तर नको.” पाठवलंच तर शब्द नसलेलं पाठवते. आणि जवळचं माणूस असेल तर गाणं पाठवत नाही, घरी जाते. ते गाणं तिनं अजून पूर्ण ऐकलेलं नाही, मीही पुन्हा कधी विषय काढलेला नाही.

मराठीत असं काही आहे का?

आहे, आणि वाढतंय. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड तुकोबा-नामदेवांचे अभंग बास गिटार आणि ड्रमसोबत गातो. मला आधी धाकधूक होती, पण ते अभंगाचा गजर मोडत नाहीत, त्याच्या खाली नवी जमीन घालतात. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या हिप-हॉप गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. २०१९ मध्ये त्यांनी आरेच्या जंगलात राहणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत वारली लोकांच्या हक्काचं गाणं केलं. रागाचाही मूड असतो आणि तो खरा असला की अंगावर काटा येतो, हे त्यात कळतं. पुण्याचा रॅपर संबाता त्याच्या वस्तीची भाषा जशीच्या तशी आणतो, ती गुळगुळीत करत नाही. आणि २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांनी हाउस या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर अस्सल बोलीतली मराठी चढवली, तेव्हा ज्यांना मराठीचा गंध नाही अशी माणसंही ती अक्षरं तोंडात घोळवत नाचली.

मला कमतरता जाणवते ती संथ, घरगुती, एका गिटारवरच्या मराठी गाण्याची. कविता आपल्याकडे ढीगभर आहे. नागपूर, कोल्हापूर, नांदेड, कुठेही कुणी असं काही करत असेल, तर कृपा करून मला पाठवा.

ऐकल्यानं कलाकाराला पैसे मिळतात का?

फार थोडे. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत ज्या गाण्याला हजारसुद्धा ऐकण्या मिळाल्या नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगचा मोबदला दिला जात नाही. म्हणजे नवा कलाकार ज्या टप्प्यावर सगळ्यात एकटा असतो, नेमका तिथेच हात रिकामा.

बँडकॅम्पवर अल्बम विकत घेता येतो. डिजिटल विक्रीतून ते साधारण पंधरा टक्के ठेवतात. मार्च २०२०मध्ये करोनामुळे सगळे कार्यक्रम बंद पडले तेव्हा त्यांनी एका शुक्रवारी आपला वाटा सोडून दिला. तेव्हापासून वर्षातले काही शुक्रवार तसे असतात. मी माझी खरेदी त्या दिवसांसाठी राखून ठेवते. तिथे पैसे देणं जमलं नाही तर कलाकाराला सरळ निरोप टाकून विचारा, “तुमचा अल्बम घ्यायचा आहे, यूपीआय चालेल का?” कार्यक्रमात टी-शर्ट घ्या. तिकीट काढा, पास मागू नका. मित्राचा बँड असेल तर मुळीच मागू नका.

प्रत्यक्ष ऐकायला कुठे जावं?

मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा. उघड्यावरचं ते थिएटर शांतता क्षेत्राच्या नियमात सापडलं आणि तिथलं संगीत थांबलं. त्या पायऱ्यांवर बसून ज्यांनी ऐकलं आहे ते आता साठीला आले, पण त्यांना विषय काढून द्या आणि बघा. लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब २००७ ते २०१६ होता. पुण्यात डिसेंबर २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना एकाच मैदानात पहिल्यांदा कळलं की आपल्यासारखे एवढे लोक आहेत.

जागा येतात, बंद होतात. तुमच्या गावात आज काय आहे हे तिथल्या वाद्यांच्या दुकानात विचारा. गिटारच्या तारा घ्यायला कोण येतं ते त्यांना पक्कं माहीत असतं.

हेडफोन कोणते घ्यावेत?

जे कानाला दुखत नाहीत ते. पण वायरचा एक साधा जोड घरात ठेवाच, रात्री चार्जिंग संपलं म्हणून चांगली वेळ वाया जायला नको.

घरातल्या मोठ्यांना यातलं काही ऐकवता येईल?

आमचे बाबा पक्के ख्यालवाले. सवाई गंधर्व महोत्सवाला पन्नास वर्षांत फार थोडा खंड पडला असेल. त्यांना एका दिवाळीत मी नऊ मिनिटांची पोस्ट-रॉकची एक रचना ऐकवली, गच्चीवर, जेवणानंतर, काहीही न सांगता. ते डोळे मिटून बसले. चौथ्या मिनिटाला त्यांचा उजवा हात मांडीवर हलायला लागला, मात्रा मोजत. शेवटी सगळी वाद्यं एकदम कोसळली तेव्हा हात बरोबर त्या जागी पडला. मग म्हणाले, “आलाप लांबवला थोडा, पण समेवर आले पोरं. कोण आहेत हे? परत लाव.”

आम्ही तुम्हाला गाणं सुचवलं तर चालेल का?

आवडेल. एकच पाठवा, आणि मी ते दिवसाच्या कुठल्या वेळी ऐकावं तेही लिहा. त्या वेळेची वाट पाहीन, म्हणून उत्तराला उशीर होईल.